एकाचा आजार, आठ जणांची खोली

मानसोपचारतज्ज्ञाकडे काही महिने जाणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी सुचवले जाते, 'आता ग्रुपमध्ये येऊन बघा.' बहुतेकांचा चेहरा तिथेच उतरतो. मनात तीन शंका उभ्या राहतात. स्वतःचे ओझे आवरत नसताना आणखी सात जणांची रडगाणी का ऐकायची? तिथे बोललेले बाहेर फुटले तर? आणि तिसरी, जी सहसा डॉक्टरांच्या तोंडावर बोलली जात नाही: यांना एकेकाला द्यायला वेळ नाही म्हणून ही घाऊक सोय काढली आहे का?

तिन्ही शंका रास्त आहेत. दुसरी तर इतकी रास्त आहे, की तिचे उत्तर तयार नसलेल्याने समूहोपचार सुरूच करू नये. पहिल्या आणि तिसऱ्या शंकेमागचा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. खरा उपचार म्हणजे बंद दाराआड डॉक्टर आणि रुग्ण असे दोघेच, आणि गट हा त्याचा स्वस्तातला अवतार, असा तो समज. सुमारे १२० वर्षांचा अनुभव त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

गंमत अशी, की या पद्धतीचा उगम मनोविकारांत नाहीच. तो आहे क्षयरोगात. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा 'वर्ग' भरवायला सुरुवात केली. क्षयाला मारणारे औषध तेव्हा कुठेच नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढाच उपाय, आणि तो मिळायचा सॅनेटोरियममध्ये, ज्याचा खर्च भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या आवाक्याबाहेरचा. प्रॅट यांनी सॅनेटोरियमच घरी नेले. उघड्यावर झोपायचे, ताप, आहार आणि विश्रांतीचे तास रोज वहीत लिहायचे आणि आठवड्यातून एकदा ती वही घेऊन वर्गाला यायचे. पैशांचा भार एका चर्चने उचलला. हेतू रोखठोक होता: शिस्त लावणे आणि तीच ती माहिती प्रत्येकाला वेगवेगळी सांगण्याचा वेळ वाचवणे. पण वर्गात भलतेच काही घडू लागले. एकाचे वजन वाढले की बाकीच्यांना हुरूप यायचा. ज्यांची भाषा, धर्म, देश वेगवेगळे, ती माणसे एका आजाराच्या धाग्याने एकमेकांची होऊ लागली. उपचार सोडून देण्याची वेळ आलेले रुग्ण वर्गासाठी म्हणून टिकून राहिले. प्रॅट हे काही मनोविकारतज्ज्ञ नव्हते. आपण नेमके काय केले हे समजून घेण्यात त्यांची पुढची कित्येक वर्षे गेली.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट पुन्हा घडली. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात मनाने कोसळलेले सैनिक पुष्कळ आणि मनोविकारतज्ज्ञ मोजके होते. तिथे विल्फ्रेड बायन आणि त्यांच्यानंतर एस. एच. फोक्स यांनी गटाला हाताशी धरले. तेव्हा तिसरी शंका इतिहासाच्या दृष्टीने अगदीच खोटी नाही. गट आला तो टंचाईतून. टिकला मात्र दुसऱ्याच कारणाने.

प्रत्यक्ष खोलीत काय चालते? साधारण सात-आठ जण, कधी दहा. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, बहुधा दीड तास. एक प्रशिक्षित चिकित्सक, काही ठिकाणी जोडीला दुसरा. चिकित्सक व्याख्यान देत नाही. तो वेळ पाळतो, एखाद्याला बोलताना तोडले गेले तर थांबवतो, कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे गटाचे लक्ष वळवतो आणि अनेकदा स्वतः गप्प बसतो. ही गप्प बसण्याची कला शिकायला वर्षे लागतात.

प्रकार मात्र बरेच आहेत. चिंता किंवा मंत्रचळासाठी घेतल्या जाणाऱ्या गटात ठरावीक आठवड्यांचा अभ्यासक्रम असतो, घरचा अभ्यास असतो, कुणी किती पायऱ्या चढल्या याचा हिशेब असतो. व्यसनमुक्तीचे गट वेगळे, कर्करुग्णांचे वेगळे. काही गटांत कार्यक्रम असा नसतोच. माणसे एकमेकांशी कशी वागतात, हाच तिथला विषय. आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या स्वमदत गटांत तर डॉक्टरही नसतो. या सगळ्यांना सरसकट 'ग्रुप' म्हटले जाते आणि तिथून गोंधळ सुरू होतो. सोसायटीच्या कट्ट्यावरच्या गप्पा, सत्संग, व्हॉट्सॲपवरचा आजारवार समूह यांनी माणसाला बरे वाटते, यात वाद नाही. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे, आणि ते कापायला रचना लागते.

आता पहिल्या शंकेकडे. दुसऱ्याचे दुःख ऐकून स्वतःचे कमी कसे होते?

नुकत्याच बाळंत झालेल्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण घेता येईल. तिच्या मनात सारखा विचार येतो, की आपल्या हातून बाळाला इजा होईल. सुरी दिसली की ती दुसऱ्या खोलीत जाते. मंत्रचळाच्या आजारात असे नको ते विचार येणे हे तज्ज्ञांच्या नेहमीच्या पाहण्यातले लक्षण आहे, आणि ज्या स्त्रीला त्या विचाराची इतकी दहशत वाटते ती तसे करायला निघालेली नसते. डॉक्टर हे तिला समजावून सांगतात. तिला ते पटत नाही, कारण धीर देणे हे डॉक्टरांचे कामच असते. मग एखाद्या गटात समोरच्या खुर्चीवरची, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, नोकरी करणारी, नीटनेटकी बाई अगदी तेच सांगते, तीच सुरी, तेच दुसऱ्या खोलीत जाणे. त्या दोन मिनिटांत जे होते ते डॉक्टरांच्या दहा भेटींत होत नाही. 'जगात मीच एक अशी' ही समजूत आजाराला जोडून आलेला दुसरा आजार असते. ती तर्काने जात नाही, दुसरे माणूस दिसले की जाते.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. नैराश्यातल्या माणसाची पक्की खात्री झालेली असते, की तो कुणाच्याही उपयोगाचा नाही. घरचे त्याला जपतात, डबा देतात, औषधाची आठवण करतात, कामे त्याच्या वाटेतून दूर करतात. सगळे काही त्याच्याकडे येत असते, त्याच्याकडून कुणी काहीच घेत नाही. माया खरीच असते, पण तिच्यामुळे ती खात्री आणखी घट्ट होते. गटात एखाद्या दिवशी तोच माणूस नव्याने आलेल्याला सांगतो, 'या गोळ्यांनी पहिले दोन आठवडे तोंडाला कोरड पडते, नंतर कमी होते, सोडू नका.' आणि पुढच्या आठवड्यात तो नवा येऊन म्हणतो, 'तुम्ही म्हणालात म्हणून सोडल्या नाहीत.' डॉक्टर-रुग्ण या जोडीत हे घडू शकत नाही, कारण तिथे देणारा एकच असतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी १९७० साली समूहोपचारावर ग्रंथ लिहिला. पुढच्या आवृत्त्यांतून जगभर तो या विषयाचे मुख्य पाठ्यपुस्तक ठरला. गटात माणूस बरा कशामुळे होतो याचे अकरा घटक त्यांनी मांडले: आशा, 'मी एकटा नाही' ही जाणीव, दुसऱ्याला मदत करण्यातले समाधान, एकमेकांचे पाहून शिकणे, गटाशी जुळलेली नाळ वगैरे. सर्व अकरांची यादी इथे देण्यात अर्थ नाही. त्यांतला सर्वांत वेगळा, आणि एकट्याच्या उपचारात जवळपास अशक्य असलेला घटक म्हणजे माणसांकडून माणसांविषयी शिकणे.

यालोम यांचे म्हणणे असे, की पुरेसा वेळ दिला तर प्रत्येक जण गटात तसाच वागू लागतो, जसा तो बाहेर वागतो. डॉक्टरांसमोर एकटा बसलेला माणूस स्वतःची हकीकत सांगतो, आणि हकीकत नेहमी सांगणाऱ्याच्या बाजूची असते. गटात हकीकत सांगावी लागत नाही, ती घडते. समजा, पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. तक्रार एकच: मुले घरात बोलत नाहीत, मान देत नाहीत. गटात ते नम्र असतात, वेळेवर येतात. फक्त कुणीही काही सांगितले की ते मान डोलावतात आणि 'म्हणजे मुद्दा असा, की' म्हणून त्याचे सार सांगून टाकतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गटातली एक तरुण मुलगी चाचरत म्हणते, 'काका, तुम्ही असं म्हणालात ना, की माझं बोलणं संपूनच जातं. पुढे काही सांगावंसं वाटत नाही.' खोलीत शांतता. काकांना राग येतो, मग वाईट वाटते. ही मुलगी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे, पण मुलगी नाही. तिच्या बोलण्यामागे वीस वर्षांचा हिशेब नाही. म्हणून ते ऐकले जाते. बायकोने हेच वाक्य हजारदा म्हटलेले असते.

इथे चिकित्सकाचे काम सुरू होते. मुलीचे वाक्य काकांना फटक्यासारखे लागू नये, आणि ते सगळ्यांनी 'जाऊ द्या हो' म्हणून झाकूनही टाकू नये, या दोन टोकांच्या मधला अरुंद रस्ता त्याला सांभाळायचा असतो. पुढच्या आठवड्यात काका सार सांगण्याऐवजी एखादा प्रश्न विचारून पाहतात. मुलगी आणखी पाच मिनिटे बोलते. घरी जाऊन करायच्या गोष्टीची रंगीत तालीम झालेली असते.

मराठी गटांत एक अडचण हमखास येते: सल्ला. कुणी दुःख सांगायला तोंड उघडले, की निम्मे जण उपाय सुचवायला सरसावतात. पहाटे उठा, अमुक डॉक्टर बघा, मन गुंतवा, आमच्या नणंदेला असेच झाले होते. हेतू चांगलाच असतो. पण सल्ला ही पुष्कळदा समोरच्याचे बोलणे लवकर आटपण्याची सभ्य युक्ती असते. दुसऱ्याच्या दुःखाजवळ नुसते बसणे अवघड जाते, म्हणून उपाय पुढे केला जातो. चांगला चिकित्सक पहिल्या काही आठवड्यांत गटाची ही सवय मोडतो. तो विचारतो, 'हे ऐकताना तुम्हाला स्वतःला काय झालं?' प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला आलेले बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच ते देत असतात.

हे सगळे छान वाटते, पण पुरावा काय? या बाबतीत एक प्रसिद्ध कथा पूर्ण सांगायला हवी, कारण तिचा पहिलाच भाग लोकांच्या लक्षात राहिला आहे. १९८९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात इतरत्र पसरलेला स्तनांचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांखेरीज वर्षभर दर आठवड्याला गटात बोलावले गेले होते. मृत्यूची भीती, नवऱ्याशी न बोललेल्या गोष्टी, वेदना असे सगळे विषय तिथे होते. गटातल्या स्त्रिया अभ्यासात दाखल झाल्यापासून सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि गटाबाहेरच्या १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. बोलण्याने आयुष्य दुप्पट होते, असे मथळे सजले.

मग विज्ञानाने आपले काम केले. कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००१ साली आले: गटामुळे आयुष्य वाढले नाही. खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर प्रयोग पुन्हा केला. २००७ साली त्यांनीही, एकंदरीत आयुष्य वाढल्याचे दिसत नाही, असे प्रसिद्ध केले. पहिला निकाल योगायोगाचा असावा किंवा पुढे सुधारलेल्या औषधांनी फरक पुसला असावा. पण कॅनडाच्या त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आढळली. गटातल्या स्त्रियांना वेदनांचा आणि मनाच्या त्रासाचा जाच कमी झाला, विशेषतः सुरुवातीला ज्यांचा त्रास जास्त होता त्यांचा. महिने वाढले नाहीत, असलेले महिने जगण्याजोगे झाले. 'सकारात्मक विचारांनी कर्करोग हरतो' असे सांगत फिरणाऱ्यांनी या कथेचा पहिला अर्धा भाग वापरणे आता थांबवायला हवे. त्यात रुग्णावर अन्याय आहे. आजार वाढला तर दोष त्याच्याच मनोबलावर येतो.

दुसरा पुरावा अधिक भक्कम आहे आणि तो श्रीमंत देशातून आलेला नाही. एड्सने पोखरलेल्या युगांडाच्या नैऋत्य भागातील ३० गावांत एक प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. तिथे मनोविकारतज्ज्ञ जवळपास नव्हतेच. मग स्थानिक, स्थानिक भाषा बोलणाऱ्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या व्यक्तींना दोन आठवड्यांचे कसून प्रशिक्षण दिले गेले. पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे, १६ आठवडे, दर आठवड्याला दीड तास. विषय चार: मृत्यूचा शोक, भांडणे, आयुष्यातले मोठे बदल आणि एकटेपणा. सुरुवातीला गटांतल्या ८६ टक्के लोकांत तीव्र नैराश्याचे निकष पूर्ण होत होते, शेवटी ६.५ टक्क्यांत. ज्या गावांत गट नव्हते तिथे हे प्रमाण ९४ वरून ५४.७ टक्क्यांवर आले. म्हणजे काही जण आपोआपही सावरतात, पण फरक केवढा आहे! हीच पद्धत पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पुस्तिकेच्या रूपाने सर्वांसाठी खुली केली.

दारूच्या बाबतीत, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आणि तिच्याकडे रुग्णाला वळवणारे उपचार यांच्यावरच्या २७ अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०२० साली आढावा घेतला. सलग दारूपासून दूर राहण्यात हे मार्ग इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही मोजमापांत सरस ठरले. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांत तोच उपचार एकट्याला आणि गटात देऊन केलेल्या तुलनाही भरपूर आहेत. त्यांच्या आढाव्यांत दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसत नाही. घाऊक माल किरकोळीइतकाच चांगला निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र हे सर्वांसाठी नाही, आणि कधीकधी ते अपायकारक असते. उन्मादाच्या ऐन झटक्यात असलेला, भास-भ्रमांनी घेरलेला किंवा आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस आधी स्थिर व्हायला हवा. अपघात किंवा अत्याचारानंतर दुसऱ्याच दिवशी सर्वांना गोल बसवून 'बोला, मोकळे व्हा' असा आग्रह धरणे चुकीचे आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेत 'एन्काउंटर' गटांची लाट आली होती, माणसाचे मुखवटे फाडण्याची. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर अशा गटांचा झालेला परिणाम यालोम आणि सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा काहींना कित्येक महिने टिकणारी इजा झाल्याचे आढळले, आणि ती जास्त करून आक्रमक, घुसखोर म्होरक्यांच्या गटांत. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या किशोरवयीन मुलांना एकत्र बसवून केलेले काही प्रयोगही उलटले. मुले एकमेकांकडून सुधारण्याऐवजी एकमेकांचे शिकली. भारतातही दोन दिवसांच्या निवासी शिबिरांत माणसांना शंभर जणांसमोर रडवणारे 'परिवर्तनाचे' कार्यक्रम चालतात. त्यांना समूहोपचार म्हणणे म्हणजे गल्लीतल्या मारामारीला कुस्ती म्हणण्यासारखे आहे.

राहिली दुसरी शंका, फुटण्याची. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानतो आणि ती जपण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकतो. शेजारच्या खुर्चीवरच्या रुग्णावर ही कायदेशीर जबाबदारी नाही. तो पाळतो तो फक्त शब्द. मोठ्या शहरात हे बऱ्याच अंशी निभावते, कारण गट संपल्यावर माणसे वेगवेगळ्या लोकलमध्ये चढतात. तालुक्याच्या गावात समोरच्या खुर्चीवर भाच्याच्या सासुरवाडीचा कुणी निघू शकतो. एका वाक्याने लग्न मोडू शकते, आणि मोडतातही. म्हणून प्रत्येक सदस्याला आधी एकट्याने भेटणे, ओळखीचे दोघे एका गटात न घेणे, नियम पहिल्या दिवशी मोठ्याने बोलून घेणे आणि भंग झाल्यास काय होईल ते सांगणे, हे सोपस्कार नाहीत, उपचाराचाच भाग आहेत. प्रत्यक्षात गटात फुटीची भीती वाटते त्यापेक्षा फूट कमी दिसते, याचे एक साधे कारण आहे: प्रत्येकाचे गुपित इतरांकडे गहाण असते.

या वाटेवर महाराष्ट्रात काहीच नाही असे नाही. पुण्यातील 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर सुरू केले. तिथले उपचार मुळातच गटावर उभे आहेत आणि व्यसनी माणसाच्या पत्नीसाठीही वेगळा गट आहे. पुण्याच्याच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे, तसेच पार्किन्सन्स मित्रमंडळाचे आधारगट चालतात. तिथे आजारी व्यक्तीला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्द थोडे सजवलेले वाटतील, पण दुसरा शब्द महत्त्वाचा आहे. सांभाळणाऱ्याला नाव मिळाले, म्हणजे त्याचेही काही दुखते हे मान्य झाले.

भारतात ही कल्पना नवी नाहीच. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी जागा नाही, माणसे नाहीत या अडचणीतून रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले. संध्याकाळी रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसत, डॉक्टर त्यांच्याशी आजाराविषयी बोलत. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. कुटुंबाने टाकून दिलेल्या माणसांची ती जागा होती. तिथे कुटुंबच राहायला आले.

मग आज हे सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नियमाने का दिसत नाही? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) नैराश्य-चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या मनोविकारांच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. अशा स्थितीत जिल्हा रुग्णालयात रुग्णाला मिळतात ती तीन-चार मिनिटे आणि गोळ्यांची चिठ्ठी. दर बुधवारी एका खोलीत दहा खुर्च्या मांडायला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो तयार केलेला माणूस, त्याच्या कामावर देखरेख करणारा दुसरा तयार माणूस आणि दीड तास दार न उघडणारी खोली. यातली शेवटची गोष्ट सरकारी रुग्णालयात सर्वांत दुर्मीळ असावी.

एक मोह इथे टाळायला हवा. राज्यात लाखो स्त्रिया बचत गटांत आहेत, त्यांनाच मानसिक आरोग्याचे काम द्या, असे सुचवले जाईल. झारखंड-ओडिशात 'एकजूट' संस्थेच्या प्रयोगात गावातल्या स्त्रियांचे गट बाळंतपण आणि नवजात बाळांच्या प्रश्नांवर महिन्याला भेटत. नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले आणि तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम तीव्रतेचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले, नैराश्यावर थेट उपचार न करता. हे मोलाचे आहे. पण बचत गटात स्त्रिया एकमेकींच्या कर्जाच्या जामीन असतात. जिचा हप्ता थकला आहे, तिने नवऱ्याच्या दारूविषयी त्याच वर्तुळात तोंड उघडावे, ही अपेक्षा भाबडी आहे. तिच्यासाठी वेगळी खोली हवी, वेगळा वार हवा, आणि पैशांचे रजिस्टर त्या खोलीबाहेर राहायला हवे. आशा सेविकांवर आणखी एक मानधनाविना काम लादून हे होणार नाही.

विम्याचाही मुद्दा आहे. कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितले, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेल्या असतात. दर आठवड्याला खुर्चीवर बसून होणारा उपचार त्यात सहजी बसत नाही. दाखल व्हावे लागू नये म्हणून घेतलेल्या उपचाराला पैसे नाहीत, दाखल झाल्यावर आहेत.

गटात जाण्याचा विचार करणाऱ्याने आधी काही विचारून घ्यावे. गट कोण घेणार, त्याचे प्रशिक्षण कुठले, किती जण असतील, मध्येच नवे लोक येतात की तीच माणसे शेवटपर्यंत राहतात, आणि सोडायचे झाले तर कसे सोडायचे. आधी एकट्याने न भेटता थेट 'गुरुवारी या' म्हणणारा गट असेल, तर दुसरा शोधावा. कुठे जायचे हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि पहिल्या दिवशी काहीच बोलले नाही तरी चालते. नाव सांगितले की पुरते. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेकांना अवघडल्यासारखेच वाटते, 'इथे आपले कुणी नाही' असे वाटते, आणि गळती सर्वांत जास्त होते ती याच काळात. निर्णय चौथ्या आठवड्यानंतर घ्यावा. तोपर्यंत समोरच्या खुर्चीवरच्याचे नाव तरी पाठ झालेले असते.